घशातले तांबडे तंतू : श्वासावरोधाने झालेल्या एका बालमृत्यूच्या तपासाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूर शहराच्या पूर्व भागातले असून भारतीय न्याय संहिता लागू होण्याच्या, म्हणजे 1 जुलै 2024 च्या, आधीचे आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार अशा बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. त्यामुळे वय, नातेसंबंध आणि काळ यांत बदल केले असून एकाहून अधिक प्रकरणांतले तपशील येथे एकत्र गुंफले आहेत. शवविच्छेदन मी केले होते, आणि तपासातल्या ज्या चुका पुढे सांगितल्या आहेत त्यांतल्या दोन माझ्या स्वतःच्या आहेत.

मृत बालक दोन वर्षे आठ महिन्यांचा मुलगा होता. घरात आई, तिचा दुसरा नवरा, सात वर्षांची मोठी बहीण आणि हा मुलगा असे चौघे राहत. पूर्व भागात घर आणि कारखाना एकाच जागेत असणे ही नवलाची गोष्ट नाही. येथेही तळमजल्यावर मालकाचे टॉवेलचे यंत्रमाग होते आणि वर पत्र्याच्या एका खोलीत हे कुटुंब राहत होते. सावत्र वडील त्याच मागांवर रातपाळी करीत आणि दिवसा झोपत. आई घरी विड्या वळून दुपारी कारखान्यात पोचवायला जाई. मे महिना होता, पारा बेचाळीस अंशांच्या वर गेला होता आणि खोलीला खिडकी एकच होती. माग चालू असताना कापसाची तूस जिन्यावरून वर येई आणि अंथरुणावर, भांड्यांवर, मुलांच्या केसांत सगळीकडे बसे. हा तपशील आज सहज लिहिला जात असला, तरी पुढच्या साऱ्या वादाचे मूळ तोच ठरला.

आई विड्या देऊन चारच्या सुमारास परतली तेव्हा मुलगा हालचाल करीत नव्हता. त्याला प्रथम जवळच्या एका खासगी दवाखान्यात आणि तेथून सरकारी रुग्णालयात नेले. तेथे तपासणीअंती तो आणण्यापूर्वीच मृत झाल्याची नोंद झाली. पोलिसांनी अकस्मात मृत्यू दाखल करून, त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली पंचनामा केला आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवला.

प्रश्न कोठे उभा राहिला

खासगी दवाखान्यातल्या चिठ्ठीवर सावत्र वडिलांनी सांगितलेली हकिकत अशी होती, की आदल्या रात्री मुलाला ताप होता, दुपारी जेवून तो झोपला आणि पुन्हा उठला नाही. दोन तासांनी सरकारी रुग्णालयाच्या नोंदीत तोच माणूस सांगत होता, की शेंगदाणे खाताना मुलाला ठसका लागला. घाबरलेला माणूस विसंगत बोलतो हे मान्य आहे, आणि केवळ हकिकत बदलली म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. पण बालमृत्यूच्या कामात हकिकत बदलणे हे स्वतःच एक निरीक्षण असते. ते वेळेसह आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत टिपून ठेवावे लागते. येथे दोन्ही चिठ्ठ्या हाताशी असल्यामुळेच ती विसंगती पुढे सिद्ध करता आली.

बाह्य तपासणीत मान स्वच्छ होती. दोर, पट्टा किंवा बोटे यांची कोणतीही खूण नव्हती. दोन्ही डोळ्यांच्या पापण्यांच्या आत टाचणीच्या टोकाएवढे मोजके रक्तबिंदू होते. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी पातळ घडी फाटलेली होती, आणि ओठांच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत काळसर मुका मार होता. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत दीड सेंटिमीटरपर्यंत लांबीचे, मागे कानाच्या दिशेने जाणारे पुसट खरचटे होते. मुलाच्या अंगावर पंखा आणि दिवा यांच्यामध्ये वाकून, भिंगातून पाहिल्यावरच ते नीट दिसले. पंचनाम्यात त्यांचा उल्लेख नव्हता, आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही, कारण संध्याकाळच्या उजेडात ते मलाही दिसले नसते.

शवविच्छेदनाला हात घालण्यापूर्वी सर्व हाडांची क्ष-किरण छायाचित्रे काढण्याचा आग्रह मी धरला. संपूर्ण बालक एकाच फिल्मवर घेण्याची जी सोय अनेक ठिकाणी चालवून घेतली जाते ती अशा प्रकरणात निरुपयोगी असते. छाती, प्रत्येक हात, प्रत्येक पाय, कवटी अशा वेगवेगळ्या प्रतिमा लागतात. छातीच्या प्रतिमेत डाव्या बाजूच्या सहाव्या आणि सातव्या बरगडीवर, पाठीच्या कण्याजवळ, नव्या हाडाचा भराव दिसला. छाती दाबून पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करताना मुलांच्या बरगड्या क्वचित मोडतात, पण त्या बहुधा पुढच्या किंवा बाजूच्या भागात. शिवाय त्याच दिवशी मोडलेल्या हाडावर भराव येत नाही. म्हणजे मृत्यूच्या काही आठवडे आधी कोणीतरी या मुलाची छाती जोरात आवळली असण्याची शक्यता ठळक होती.

शवविच्छेदनातील निष्कर्ष

डोके आणि छाती आधी उघडून तेथले रक्त निचरू दिले आणि मान शेवटी, थराथराने उघडली, कारण रक्ताने माखलेल्या मानेत खरा मुका मार आणि कापताना सांडलेले रक्त यांतला फरक कळत नाही. मानेच्या स्नायूंत इजा नव्हती. जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वासनलिका एकसंध काढून मागच्या बाजूने उघडली. मृदू टाळूच्या मागच्या कडेवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर ताजा मुका मार होता. स्वरयंत्राच्या वर, चिकट कफात गुरफटलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा एक गोळा होता. सलाईनमध्ये धुतल्यावर तो तंतूंचा निघाला: काही पांढरे, पण बरेचसे तांबडे.

श्वासनलिकेत शेंगदाण्याचा कण नव्हता. जठरात अर्धवट पचलेला भात आणि आमटी होती; तेथेही शेंगदाणा नव्हता. फुफ्फुसे जड आणि रक्ताने भरलेली होती. न्यूमोनिया, जन्मजात हृदयदोष किंवा मेंदूज्वर यांची डोळ्यांना दिसेल अशी खूण नव्हती.

फुफ्फुसांवरही रक्तबिंदू होते. त्यांच्याबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण न्यायालयात त्यावर अर्धा तास गेला. मुलांवरील अत्याचारांचे पहिले मोठे न्यायवैद्यक वर्णन ज्याने 1860 मध्ये केले, त्या फ्रेंच वैद्य आंब्र्वाझ तार्दियूचेच नाव या रक्तबिंदूंना मिळाले आहे. ते गुदमरून झालेल्या मृत्यूचे खात्रीशीर लक्षण आहेत असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे टिकलेले नाही. नैसर्गिक मृत्यूंतही ते सापडतात, आणि मऊ वस्तूने नाकतोंड बंद झालेल्या मुलांत ते मुळीच नसू शकतात. मी अहवालात ते नोंदवले, पण कारणमीमांसेत त्यांना वजन दिले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय नैसर्गिक मृत्यूचा होता. आकस्मिक शिशुमृत्यू ही संज्ञा एक वर्षाखालील बालकांपुरतीच असल्याने ती येथे लागू नव्हती. तापातले झटके आणि उष्माघात हे मात्र गंभीर पर्याय होते. पत्र्याखालची खोली आणि मे महिना लक्षात घेता उष्माघात सहज नाकारता आला नसता, आणि उष्माघाताचे शवविच्छेदनात स्वतःचे असे ठाम लक्षण नसते. त्याच्या विरुद्ध गोष्ट अशी, की त्याच खोलीत, त्याच दुपारी असलेली बहीण धडधाकट होती. शिवाय उष्माघाताने ओठाची घडी फाटत नाही आणि घशात मार बसत नाही.

दुसरा पर्याय शेंगदाण्याचा. चार वर्षांखालील मुलांना दाणे नीट चावता येत नाहीत आणि ते श्वासमार्गात अडकून मुले दगावतात, हे आपल्याकडे नेहमीचे आहे. ज्या गावात शेंगा चटणी घरोघरी आहे तेथे तर अशी हकिकत कोणालाही पटावी. दाणा दवाखान्यात बाहेर काढला गेला असणेही शक्य होते. म्हणून तपासी अंमलदारांमार्फत त्या डॉक्टरांकडे विचारणा केली. त्यांनी यंत्राने घशातील फेस ओढून काढला होता, गॉजने तोंड पुसले होते आणि फुग्याने श्वास देण्याचा प्रयत्न केला होता. दाणा निघाला नव्हता. मात्र ओढून काढलेले द्रव्य लगेच फेकून देण्यात आले होते.

तिसरा पर्याय पुनरुज्जीवनाच्या प्रयत्नात झालेल्या इजांचा. ओठाची घडी फाटणे हे न चालणाऱ्या तान्ह्या मुलात अत्यंत संशयास्पद असते. धावत्या, पडत्या मुलात तितके नसते, आणि घाईने तोंडात उपकरण घालतानाही ती फाटू शकते. गॉज पांढऱ्या सुताचा असतो, तेव्हा पांढरे तंतू तेथून आले असतील हे मी मान्य केले. तांबड्यांचा प्रश्न उरला.

चौथा पर्याय तोंडात फडके कोंबले गेल्याचा. असा बोळा घातल्यावर सुरुवातीला मूल नाकाने श्वास घेते, पण लाळेने कापड फुगते, मृदू टाळू मागे ढकलली जाते आणि नाकाची वाटही बंद होते. करणाऱ्याला वाटते की मूल शांत झाले. नंतर कापड काढून घेतले, तर बाहेरून पाहणाऱ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही.

येथे तूस आडवी आली. ज्या घरात हवेतच कापूस आहे तेथे घशात कापसाचे तंतू सापडले याचा अर्थ काय? हा प्रश्न बचाव पक्षाने विचारण्याच्या कितीतरी आधी शवागारातल्या आमच्या सहायकाने विचारला. तो स्वतः पूर्व भागातला. "डॉक्टरसाहेब, आमच्या नाकातनं रोजच निघतोय की हा," असे तो सहज म्हणाला, आणि त्या वाक्याने माझ्या हातातला मसुदा थांबला.

निर्णयाचे क्षण आणि कार्यवाही

पहिला निर्णय मत देण्यासंबंधीचा होता. शेजारपाजारी जमाव जमला होता आणि पोलिसांना त्याच रात्री लेखी कारण हवे होते. 'श्वासावरोधाने मृत्यू' एवढे लिहून मोकळे होता आले असते. परंतु तेवढ्यावरून अपघात की घातपात हे ठरत नाही, आणि पहिल्या अहवालातला एकेक शब्द पुढे वर्षानुवर्षे चिकटून राहतो. मी व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, रासायनिक विश्लेषणासाठी आणि ऊती सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी राखून 'मत राखून ठेवले' असे लिहिले. त्याच वेळी, अपघाती वाटू नये अशा जुन्या व नव्या इजा दिसत असल्याने दुसऱ्या मुलाच्या सुरक्षिततेचा तातडीने विचार व्हावा, असे स्वतंत्र पत्र पोलीस निरीक्षकांना आणि बालकल्याण समितीला दिले. राखलेले मत म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे तपास यंत्रणेला समजावून सांगावे लागते. बहिणीला दुसऱ्या दिवशी समितीसमोर हजर केले आणि तिची व्यवस्था आधी बालगृहात, नंतर आजीकडे झाली.

दुसरा निर्णय नियंत्रण नमुन्यांचा, म्हणजे घशातले तंतू ताडून पाहण्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांचा, आणि येथे मी कमी पडलो. खोलीतले कापड, अंथरूण, मागांखालची तूस, रातपाळीला माग कोणत्या सुतावर चालत होते याची माहिती, हे सारे पहिल्याच दिवशी मागवायला हवे होते. माझे पत्र नवव्या दिवशी गेले. तोवर मागावरचा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, बदलला होता आणि खोली धुऊन निघाली होती. मालकाच्या वहीने वेळ सावरली. त्या पंधरवड्यात सर्व मागांवर पांढऱ्या टॉवेलचाच माल होता, ताणा आणि बाणा दोन्ही पांढरे, असे त्या नोंदींवरून दिसले. मागांच्या फटींतून गोळा केलेल्या तुसेत तांबडे तंतू अगदीच तुरळक होते.

प्रयोगशाळेच्या अहवालानुसार घशातले दोन्ही रंगांचे तंतू कापसाचे होते. सूक्ष्मदर्शकाखाली कापूस पिळलेल्या फितीसारखा दिसतो, त्यामुळे त्यात संदिग्धता राहत नाही. तांबड्या तंतूंचा रंग एकाच प्रकारचा निघाला. फुफ्फुसांच्या छेदांत लहान श्वासनलिकांमध्येही असे तंतू होते. श्वास चालू असताना ते ओढले गेले असावेत, असा त्याचा सरळ अर्थ. पण फुग्याने दिलेल्या हवेनेही तंतू आत जाऊ शकतात, हे मी अहवालातच लिहून ठेवले. शिवाय लोह दाखवणाऱ्या रंजनात फुफ्फुसांत जुन्या रक्तस्रावाचे अंश दिसले. आधीही मुलाचा श्वास कोंडला गेला होता का, असा प्रश्न त्यातून उभा राहतो, पण केवळ त्यावरून उत्तर देता येत नाही. रासायनिक विश्लेषणात अफू किंवा गुंगीचे औषध आढळले नाही.

तिसरा प्रसंग भाषेचा आहे आणि तो मला सर्वांत शिकवून गेला. या घरात तेलुगू बोलली जाई. बहिणीचा पहिला जबाब थोडीफार तेलुगू समजणाऱ्या एका अंमलदाराच्या मदतीने मराठीत लिहिला गेला. त्यात वाक्य होते: 'बाळ रडत होते म्हणून पप्पांनी त्याच्या तोंडात अंडे घातले.' तपासात हे वाक्य निरुपद्रवी ठरले. रडणाऱ्या मुलाला काहीतरी खायला दिले, एवढाच त्याचा अर्थ घेतला गेला. जबाबाची प्रत माझ्यापर्यंत आली तेव्हा मला एवढेच खटकले की जठरात अंडे नव्हते. मी तसे कळवले. मग तेलुगू मातृभाषा असलेल्या एका शिक्षिकेला दुभाषी म्हणून बोलावून, समुपदेशकाच्या उपस्थितीत मुलीशी पुन्हा बोलणे झाले. तेलुगूत 'गुड्डू' म्हणजे अंडे आणि 'गुड्डा' म्हणजे कापड, फडके. मुलगी 'गुड्डा' म्हणत होती. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांसमोर कलम 164 खाली झालेल्या जबाबात तिने फडके तांबडे होते आणि असे पूर्वीही केले जाई, असे सांगितले. फडक्याचा रंग तिला कोणी विचारला नव्हता.

निष्पत्ती

अंतिम मतात मी मृत्यूचे कारण 'तोंड व घसा यांत बाह्य मऊ वस्तू गेल्याने झालेला श्वासावरोध' असे दिले आणि ही वस्तू आपोआप जाण्याची शक्यता इजांशी जुळत नाही, असे नमूद केले. सावत्र वडिलांवर त्या वेळच्या भारतीय दंड संहितेचे खुनाचे कलम 302, पुरावा नष्ट करण्याचे 201 आणि बाल न्याय अधिनियमाचे, बालकाशी क्रूरतेचे, कलम 75 यांखाली दोषारोपपत्र दाखल झाले.

खटल्यात आई फितूर झाली. उलटतपासणीचा भर अपेक्षेप्रमाणे तुसेवर आणि फेकून दिलेल्या द्रव्यावर राहिला. घशातला गोळा आणि फुफ्फुसातले तंतू हे दोन्ही योगायोगाने असण्याची शक्यता आकड्यांत सांगा, असे मला सरकारी पक्षाकडूनच विचारले गेले. मी नकार दिला. ब्रिटनमध्ये सॅली क्लार्क हिला 1999 मध्ये स्वतःच्या दोन बाळांच्या खुनासाठी दोषी ठरवले गेले, तेव्हा एका तज्ज्ञाने असे दोन नैसर्गिक मृत्यू एकाच कुटुंबात होण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक असल्याचे सांगितले होते. ते गणित चुकीचे होते, आणि 2003 मध्ये तिची शिक्षा रद्द झाली. आमच्या क्षेत्रात आकडा हा कधीकधी मताला चढवलेला नुसता मुलामा असतो.

घटनेच्या वेळी खोलीत आरोपी आणि ती दोन मुलेच होती, त्यामुळे काय घडले याचा खुलासा करण्याची जबाबदारी आरोपीवर येते, हे न्यायालयाने भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 106 च्या आधारे मान्य केले. मात्र मारण्याचा हेतू सिद्ध झाला नाही. मुलाला गप्प करण्यासाठी केलेले, पण जिवावर बेतू शकते हे माहीत असलेले कृत्य म्हणून कलम 304 च्या दुसऱ्या भागाखाली, तसेच कलम 75 खाली शिक्षा झाली. फडके कधीच सापडले नाही आणि 201 चा आरोप टिकला नाही. हा निकाल सौम्य आहे असे पोलिसांचे मत होते. वैद्यकीय पुरावा जेवढा सांगत होता तेवढ्याशी तो जुळतो, असे माझे मत आहे.

वेगळे काय करता आले असते

मृत्यूच्या सुमारे पाच आठवडे आधी आई या मुलाला एका दवाखान्यात घेऊन गेली होती, हे कागदपत्रांत नंतर सापडले. कडेवर घेतले की मुलगा कळवळतो, अशी तिची तक्रार होती. खोकल्याचे औषध दिले गेले. सदरा वर करून छाती पाहिल्याची किंवा क्ष-किरण प्रतिमा काढल्याची नोंद नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांचे लक्षणसमूह 1962 मध्ये मांडले तेव्हाही त्यांचा मुद्दा हाच होता, की सांगितलेली हकिकत आणि दिसणारी इजा जुळत नसेल तर डॉक्टरने हाडे पाहावीत. कारण सांगता न येणारी वेदना हेही त्यातच येते. त्या दिवशी 1098 या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर एक दूरध्वनी झाला असता, तर निदान घरात कोणीतरी डोकावले असते.

माझ्या बाजूने, मी स्वतः घटनास्थळी जायला हवे होते. जिन्यातून वर येणारी तूस मी निकालानंतर, दुसऱ्याच कामासाठी त्या गल्लीत गेलो तेव्हा प्रथम पाहिली. पहिल्याच दिवशी पाहिली असती तर नमुन्यांचे पत्र नऊ दिवस रेंगाळले नसते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) मध्ये सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे. पण असे प्रकरण पहिल्या दिवशी फक्त अकस्मात मृत्यू म्हणून नोंदलेले असते, आणि गुन्हा दाखल होईपर्यंत खोली धुतली जाते. ही फट त्या कलमाने आपोआप भरत नाही.

दुभाषाच्या बाबतीत आता मी पोलिसांना लेखी विनंती करतो, की मुलाने वापरलेला मूळ शब्द देवनागरीत जसाच्या तसा लिहावा आणि त्याचा अर्थ पुढे द्यावा. तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे ज्या शहरात जागोजागी आहेत तेथे हे काम कठीण नाही. शवागारात येणाऱ्या प्रत्येक बालकासोबतच्या अर्जातही आम्ही एक रकाना वाढवला आहे: तोंडातून काही काढले का, कोणी, काय, आणि ते आता कोठे आहे. बहुतेक वेळा तो रिकामाच येतो, आणि मग मी दवाखान्यात फोन करतो.

बरगड्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्या कोणी मोडल्या हे दोषारोपपत्रात नाही, आणि साक्षीच्या वेळी त्याबद्दल मला एकच प्रश्न विचारला गेला: त्या मृत्यूचे कारण होत्या का? मी नाही म्हणालो, आणि वकील पुढच्या पानावर गेले.